योगक्षेम आणि विकास : विमाव्यवसाय व आर्थिक वाढ यांच्या संबंधाचा मराठी प्रदेशातील अनुभव

१. प्रश्नाचे स्वरूप

आर्थिक विकासाच्या चर्चेत बँका, कारखाने आणि धरणे यांना जे स्थान मिळाले ते विमाव्यवसायाला फार उशिरा मिळाले. १९६४ साली जिनिव्हा येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने सुदृढ राष्ट्रीय विमा व पुनर्विमा व्यवस्था हे आर्थिक वाढीचे एक आवश्यक लक्षण आहे, असे प्रथमच औपचारिकरीत्या मान्य केले. तथापि 'लक्षण' या शब्दात एक संदिग्धता आहे. ताप हे रोगाचे लक्षण असते, कारण नव्हे. विमा वाढतो म्हणून देश संपन्न होतो, की देश संपन्न होतो म्हणून विमा वाढतो, हा प्रश्न त्या ठरावाने सोडविला नाही. विकसनशील देशांच्या संदर्भात तो आजही पुरता सुटलेला नाही.

हा विषय अर्थशास्त्राचा असला तरी भारतीय भाषांच्या अभ्यासकाला तो परका मानण्याचे कारण नाही. विम्यासंबंधी आपण जो विचार करतो तो ज्या शब्दांतून करतो, त्या शब्दांतच या प्रश्नाची गुरुकिल्ली आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मराठीतील 'विमा' आणि हिंदीतील 'बीमा' हे दोन्ही शब्द फार्सीतून आले. त्यांचे नाते भयवाचक 'बीम' या शब्दाशी सांगितले जाते. हिंदीत बीमा 'केला' जातो, तर मराठीत विमा 'उतरविला' जातो. या क्रियापदाची व्युत्पत्ती काहीही असो, मराठी कानाला त्यातून डोक्यावरचा भार खाली ठेवल्याचा ध्वनी येतो. दुसरीकडे, भारतीय आयुर्विमा महामंडळाने आपल्या बोधचिन्हासाठी भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील योगक्षेम वाहण्याचे आश्वासन निवडले. एका शब्दप्रयोगात भार उतरतो, दुसऱ्यात तो कोणीतरी वाहतो. एकाच व्यवहाराच्या या दोन बाजू होत.

'योगक्षेम' हा शब्द आपण सैलपणे 'चरितार्थ' या अर्थी वापरतो. परंतु भाष्यकारांनी त्याची नेमकी फोड केली आहे : जे नाही ते मिळविणे हा योग, आणि जे आहे ते राखणे हा क्षेम. विमा व विकास यांच्या संबंधाकडे पाहण्याच्या ज्या दोन दृष्टी आहेत त्या याच होत. पहिल्या दृष्टीने विमा हे लोकांची अल्प बचत गोळा करून तिचे भांडवल बनविणारे साधन ठरते, हा योग. दुसऱ्या दृष्टीने विमा म्हणजे धोका वाटून घेऊन माणसाला उद्योगाचे धाडस करू देणारी व्यवस्था, हा क्षेम. योगावर आपण भर दिला आणि क्षेम दुय्यम मानला, तथापि विकासाशी विम्याचे खरे नाते क्षेमातूनच जुळते, हे मराठी प्रदेशातील अनुभवाच्या आधारे मांडण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

२. अमरावती ते मिर्झापूर

विमा ही पाश्चात्त्यांनी आणलेली कल्पना आहे, ही समजूत अर्धसत्य आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात तारण असलेल्या कर्जावर दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा इतके व्याज सांगितले आहे. मात्र अरण्यमार्गे जाणाऱ्या व्यापाऱ्याने शेकडा दहा व समुद्रमार्गे जाणाऱ्याने शेकडा वीस द्यावे असे म्हटले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही अरण्य आणि समुद्र यांसाठी हेच दर आढळतात. एवढी तफावत केवळ पैशाच्या भाड्याची असू शकत नाही. मुद्दलच बुडण्याच्या धोक्याची किंमत तीत मिळविलेली आहे. व्याज आणि विमा यांची अजून फारकत झालेली नाही, एवढाच याचा अर्थ.

पुढे ही फारकत झाली. जोखमी हुंडी हा तिचा उत्तम नमुना होय. माल ठरलेल्या ठिकाणी सुखरूप पोहोचला तरच या हुंडीची रक्कम द्यावी लागे. माल वाटेत बुडाला तर हुंडी धारण करणाऱ्याचे पैसेही बुडत. हुंडी, कर्ज आणि विमा या तिहींचे काम एकच कागद करीत असे.

या व्यवस्थेचे महत्त्व ज्या व्यापारात दिसते, तो विदर्भाला काशीक्षेत्राशी जोडणारा होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडातील कापूस अमरावतीहून लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून सुमारे ५०० मैलांचा प्रवास करून काशीजवळच्या मिर्झापूरला येई आणि तेथून गंगेतील नावांनी कलकत्त्याकडे जाई. वाटेत पाऊस, चोर, नदीचे उतार, आणि नंतर गंगेतील भोवरे व वाळूचे पट्टे. या जलमार्गावरील मालाचा विमा उतरविण्याचा धंदा काशी आणि मिर्झापूर येथील सराफी पेढ्या करीत. हुंडीचा व्यवहार आणि विमा एकाच गादीवरून चाले, आणि पेढीची पत हीच विमापत्राची हमी असे. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. कापसाचा ओघ मुंबईकडे वळला आणि हा मार्ग मागे पडला.

या विम्याने भांडवलाचा मोठा साठा निर्माण केला नाही. त्याने एवढेच केले की, जो व्यापारी एका बुडालेल्या नावेने देशोधडीला लागला असता, तो दुसरी नाव भरू शकला. व्यापाराची वाढ त्यामुळे झाली. हा शुद्ध क्षेम होता. मात्र तो नाव भरणाऱ्यापुरता होता. कापूस पिकविणाऱ्या कुणब्याच्या शेतापर्यंत तो कधी पोहोचला नाही. ही उणीव पुढच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात वारंवार डोकावते.

३. मुंबई आणि सातारा

आधुनिक आयुर्विमा भारतात इंग्रजांबरोबर आला. आरंभीच्या विदेशी कंपन्या प्रामुख्याने युरोपीयांच्या आयुष्याचा विमा घेत; एतद्देशीयांचा विमा घेतलाच तर जादा हप्ता आकारून घेत. हिंदी माणसाचे आयुष्य अधिक धोक्याचे, असा तो हिशेब होता. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बाँबे म्युच्युअल संस्थेने हिंदी विमेदारांना नेहमीच्या दराने विमापत्र देण्यास आरंभ केला. १८७४ मध्ये मुंबईतच ओरिएंटल कंपनी निघाली. विमाहप्त्याचा दर ही दिसायला गणिताची बाब; परंतु त्या दरात एका समाजाने दुसऱ्या समाजाच्या आयुष्याचे केलेले मोल दडलेले होते, आणि ते बदलणे हा राष्ट्रीय स्वाभिमानाचाही प्रश्न होता.

स्वदेशीच्या चळवळीने या प्रयत्नांना नवी दिशा दिली. साताऱ्याचे वकील अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली साताऱ्यात वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी स्थापन केली. मुंबई, कलकत्ता यांसारख्या बंदरांपासून दूर, मोठा व्यापार नसलेल्या एका जिल्ह्याच्या गावी विमा कंपनी निघावी, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. तिच्या मागे बडे व्यापारी घराणे नव्हते. विमेदार म्हणून वकील, शिक्षक, कारकून असा नियमित पगाराचा मध्यमवर्ग तिच्यासमोर होता. याच चिरमुल्यांच्या पुढाकाराने १९३६ साली साताऱ्यात युनायटेड वेस्टर्न बँक उभी राहिली. ती २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत विलीन झाली. विम्यातून बचतीची सवय, बचतीतून बँक आणि बँकेतून स्थानिक उद्योगाला भांडवल, अशी ही साखळी होती. अर्थशास्त्रज्ञ ज्याला वित्तसंस्थांनी पुढे होऊन घडविलेला विकास म्हणतात, त्याचे हे एका लहान शहरातील उदाहरण मानता येईल.

तथापि त्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे. ज्याला दरमहा ठराविक पगार मिळतो, त्यालाच ठराविक हप्ता भरणे जमते. साताऱ्याच्या पूर्वेकडील माण-खटाव भागातील ज्या शेतकऱ्याचे उत्पन्न पावसावर अवलंबून होते, त्याला आयुर्विम्याचा हप्ता हाच एक नवा धोका होता. हप्ता चुकला की विमापत्र रद्द होण्याची भीती. ज्याला क्षेमाची गरज सर्वांत अधिक, तोच या व्यवस्थेच्या बाहेर राहिला.

४. १९५६ : योगाचा विजय

१९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला आणि अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून तो निर्णय देशाला सांगितला. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील हे गृहस्थ रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. शिवाय 'मेघदूता'चा मराठी अनुवाद करणारे संस्कृताचे व्यासंगी होते. आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी प्रत्यक्षात आले, त्या वेळी ते मंत्रिमंडळात नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी त्यापूर्वीच राजीनामा दिला होता. १५४ भारतीय कंपन्या, १६ विदेशी कंपन्या आणि ७५ भविष्यनिर्वाह संस्था, अशा २४५ संस्था महामंडळात विलीन झाल्या. सरकारने दिलेले भांडवल ५ कोटी रुपये होते. साताऱ्याची वेस्टर्न इंडियाही या २४५ मध्येच होती.

राष्ट्रीयीकरणाची कारणे दोन प्रकारची होती. राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या दशकात २५ विमा कंपन्या बुडाल्या होत्या आणि जवळजवळ तितक्याच कंपन्यांचा व्यवहार विमेदारांचे नुकसान करून दुसऱ्यांकडे सोपवावा लागला होता. डिसेंबर १९५५ मध्ये लोकसभेत फिरोज गांधी यांनी काही उद्योगपतींनी विमेदारांच्या पैशाचा कसा दुरुपयोग केला याचे विदारक चित्र मांडले होते. विमेदारांचे रक्षण हे झाले पहिले कारण. दुसरे कारण दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे होते. अवजड उद्योगांसाठी दीर्घ मुदतीचे भांडवल हवे होते, आणि वीस-वीस वर्षे हप्ते भरणाऱ्या विमेदारांइतका स्थिर स्रोत दुसरा नव्हता. खेड्यापाड्यांत विमा नेण्याचे उद्दिष्टही घोषित झाले होते.

या तीन उद्दिष्टांपैकी भांडवलसंचयाचे उद्दिष्ट निःसंशय साध्य झाले. महामंडळाचा पैसा सरकारी रोख्यांत, वीज, पाणीपुरवठा आणि गृहनिर्माण यांत गेला. परंतु जिथे साठा असतो तिथे मोहही असतो. १९५७ साली महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले. त्याची चौकशी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छगला यांच्या आयोगाने उघडपणे केली, आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. खाजगी मालकाकडून विमेदाराचे रक्षण करण्यासाठी आणलेल्या संस्थेत सरकारपासून विमेदाराचे रक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न वर्षदीड वर्षातच उपस्थित झाला. योग आणि क्षेम यांतील ताण मालकी बदलल्याने नाहीसा होत नाही, हा या प्रकरणाचा धडा होय.

५. दांडेकरांचा विचार

१९७३ च्या आरंभी सर्वसाधारण विमाही राष्ट्रीयीकृत झाला. १०७ कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. पण त्यापूर्वीच १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला हादरविले होते, आणि त्या दुष्काळाला तोंड देण्यासाठी यांपैकी कोणतीही विमाव्यवस्था उपयोगी पडली नाही. उपयोगी पडली ती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आकाराला आलेली रोजगार हमी योजना. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन १९७९ मध्ये अमलात आला. तिच्या खर्चाचा एक भाग शहरांतील पगारदार व व्यावसायिकांकडून घेतलेल्या व्यवसाय करातून उभा राहिला. विम्याच्या भाषेत बोलावयाचे तर हप्ता शहराने भरला आणि भरपाई दुष्काळी गावाला मिळाली. नाव विम्याचे नसले तरी हा क्षेमाचाच व्यवहार होता.

शेतीच्या विम्याचा खुद्द प्रश्न सोडविण्याचा मूलगामी प्रयत्न पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर यांनी केला. पीकविम्याची अडचण अशी की, प्रत्येक शेतकऱ्याच्या शेतातील नुकसान स्वतंत्रपणे मोजू गेल्यास मोजणीचा खर्चच हप्त्याहून अधिक होतो. शिवाय विमा आहे म्हणून मशागतीत हयगय होण्याचा संभव असतो, आणि ज्याचे शेत वाईट तोच विमा घ्यायला पुढे येतो. १९७६ साली लिहिलेल्या निबंधात दांडेकरांनी यावर उपाय सुचविला : नुकसान शेतकऱ्याचे न मोजता क्षेत्राचे मोजावे. एका समान हवामानाच्या क्षेत्रात पीक कापणी प्रयोगांनी सरासरी उत्पादन काढावे. ते ठरलेल्या उंबरठ्याखाली गेले तर त्या क्षेत्रातील सर्व विमेदारांना सारख्या प्रमाणात भरपाई द्यावी. अशा व्यवस्थेत एकट्या शेतकऱ्याच्या आळसाने सरासरी बदलत नाही; उलट जो अधिक पिकवील त्याचे अधिक पीक त्याच्याच पदरात पडते.

मराठी वाचकाला या कल्पनेतील एक जुना धागा ओळखता येईल. गावची आणेवारी पाहून साऱ्यात सूट किंवा तहकुबी देण्याची महसूल खात्याची पद्धत हीच क्षेत्रनिहाय मोजणी होती. फरक एवढाच की आणेवारीत शेतकरी सरकारच्या कृपेचा याचक असतो, विम्यात तो हक्काचा दावेदार होतो. हा फरक केवळ शब्दांचा नाही.

दांडेकरांच्या विचारावर आधारलेली प्रायोगिक योजना १९७९ मध्ये सुरू झाली आणि १९८५ मध्ये तिचे सर्वंकष पीकविमा योजनेत रूपांतर झाले. १९८५ ते १९९९ या काळात या योजनेत सुमारे ४०० कोटी रुपये हप्ता जमा झाला आणि सुमारे २३०० कोटी रुपये भरपाई दिली गेली. विमाकंपनीच्या खतावणीत हा तोटाच. पण या रकमेने किती शेतकरी पुढच्या हंगामात पुन्हा पेरणीला उभे राहिले, याची नोंद कोणत्याच खतावणीत नसते. २०१६ च्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेनेही क्षेत्रनिहाय तत्त्व कायम ठेवले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आणला. परंतु बनावट अर्जांच्या तक्रारींनंतर २०२५ मध्ये ही सवलत मागे घ्यावी लागली. हप्ता नाममात्र झाला की विमेदार आणि विमा यांच्यातील व्यवहाराचे नाते सुटते, आणि मध्यस्थांचे फावते, हे यातून दिसून आले.

६. आकडे काय सांगतात

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विमाबाजार व आर्थिक वाढ यांच्या परस्परसंबंधाचा विकसनशील देशांपुरता विचार आउट्रव्हिल यांनी १९९० मध्ये केला. त्यानंतर वॉर्ड आणि झुरब्रुग यांनी २००० मध्ये नऊ विकसित देशांचा अभ्यास केला, तेव्हा कार्यकारणाची दिशा देशागणिक बदलते असे आढळले. अरेना यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला ५५ देशांचा अभ्यास आपल्या दृष्टीने अधिक बोलका आहे. त्यांच्या निष्कर्षानुसार आयुर्विम्याचा आर्थिक वाढीवरील परिणाम मुख्यतः श्रीमंत देशांत दिसतो. सर्वसाधारण विम्याचा परिणाम मात्र श्रीमंत आणि विकसनशील अशा दोन्ही प्रकारच्या देशांत आढळतो. मालाचा, वाहतुकीचा, आगीचा, अपघाताचा विमा म्हणजेच क्षेमाची बाजू. गरीब देशात वाढीशी तिचे नाते अधिक घट्ट असावे, हे मिर्झापूरच्या नावांपासून दांडेकरांच्या निबंधापर्यंतच्या अनुभवाशी जुळते.

भारताचे चित्र याच्या नेमके उलट आहे. राष्ट्रीय उत्पन्नाशी विमाहप्त्याचे प्रमाण २००१ मध्ये २.७१ टक्के होते. खाजगी कंपन्यांना पुन्हा प्रवेश मिळाल्यानंतर ते २००९ पर्यंत ५.२ टक्क्यांवर गेले. २०२३-२४ मध्ये ते ३.७ टक्क्यांवर आले, आणि त्यातही २.८ टक्के वाटा एकट्या आयुर्विम्याचा होता. हा आयुर्विमाही पुष्कळ अंशी बचतीचाच एक प्रकार असतो. म्हणजे स्वदेशी कंपन्या, राष्ट्रीयीकृत महामंडळ आणि खाजगी स्पर्धा या तिन्ही पर्वांत योगाचे पारडे जड राहिले.

वाराणसीत बसून हा विषय लिहिताना येथील विणकर डोळ्यांसमोर येणे अपरिहार्य आहे. २००५ पासून केंद्र सरकारने हातमाग विणकरांसाठी मृत्यू, अपघात आणि आजारपण यांच्या विमा योजना आणल्या. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण विणकराचा रोजचा धोका मृत्यूचा नसतो. सुताचा भाव चढतो, यंत्रमागावरची नक्कल बाजारात स्वस्तात येते, गद्दीदार साडीचे पैसे महिनोन्महिने देत नाही. या धोक्यांना विमापत्र नाही, आणि सर्वच धोक्यांना ते असूही शकत नाही. बाजारभाव एकाच वेळी सर्वांचा पडतो. तेथे एकाचे नुकसान दुसऱ्याच्या हप्त्यातून भरता येत नाही. विम्याची सीमा जेथे संपते तेथे सहकार, हमीभाव किंवा रोजगार हमी यांचे क्षेत्र सुरू होते, हे विसरून विम्याकडून विकासाची अपेक्षा केल्यास निराशाच पदरी येईल.

७. उपसंहार

ज्ञानदेवांनी योगक्षेमाच्या त्या गीतावचनाचे विवरण करताना, पंख न फुटलेल्या पिलांसाठी जगणाऱ्या पक्षिणीचा दृष्टान्त दिला आहे. भक्तीच्या संदर्भातील तो दृष्टान्त आर्थिक व्यवहाराला जसाच्या तसा लावणे उचित नव्हे. विमाकंपनी ही पक्षिणी नव्हे आणि विमेदार हे पिलू नव्हे. तथापि त्यात एक क्रम सूचित आहे, तो विचारार्ह वाटतो. पिलाला आधी राखले जाते, मग त्याला पंख फुटतात.

विकसनशील देशांच्या विमाधोरणाने हा क्रम उलटा धरला. आधी बचत गोळा करू, तिच्यातून उद्योग उभारू, मग संपन्न झालेल्या माणसाला संरक्षण देऊ, असा तो क्रम होता. त्यातून भांडवल उभे राहिले, हे नाकारता येणार नाही. परंतु वऱ्हाडातील कापूस उत्पादक, माणदेशातील कोरडवाहू शेतकरी आणि काशीतील विणकर या साऱ्यांचा एकच बुडालेला हंगाम त्यांना कर्जाच्या फेऱ्यात लोटतो, आणि कर्जात अडकलेला माणूस नवे बियाणे, नवे यंत्र, नवा बाजार यांपैकी कशाचाही धोका पत्करीत नाही. देशाची वाढ ज्या धाडसावर अवलंबून असते, ते धाडस अशा रीतीने मुळातच खुंटते.

यास्तव विमाव्यवसायाचे यश किती हप्ता जमला आणि किती रोखे घेतले गेले यावरून मोजणे पुरेसे नाही. किती जणांचा भार खरोखर उतरला, आणि भार उतरल्यावर ते पुन्हा कामाला उभे राहिले की नाही, ही कसोटी लावली पाहिजे. ती लावली तरच 'विमा उतरविणे' आणि 'योगक्षेम वाहणे' हे दोन शब्दप्रयोग एकाच व्यवहाराविषयी बोलत आहेत असे म्हणता येईल.